वेनी ना : पाराग्वायमधले आठ दिवस

दिवस पहिला : आसुन्सिओन

मुंबई, आदिस अबाबा, साओ पावलो आणि मग आसुन्सिओन. उतरले तेव्हा पायांचे खांब झाले होते आणि आज वार कोणता हे बोटांवर मोजावं लागत होतं. बाहेर प्रोफे उभ्या होत्या. हातात कागद, कागदावर माझं नाव, तेही देवनागरीत. मोबाईलवरून बघून गिरवलेलं, दोन वेलांट्या उलट्या.

प्रोफे म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ‘प्रोफेसोरा’चं छोटं रूप, आपल्याकडच्या ‘बाईं’सारखं. गेली सहा वर्षं मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. मुलांना आठवड्यातून तासभर तरी घरात स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाशी बोलायला मिळावं म्हणून मी कुणीतरी शोधत होते, आणि ओळखीच्या ओळखीतून या मिळाल्या. तेव्हाचं त्यांचं पहिलं वाक्य मला पाठ आहे : ‘तुमच्या मुलांसाठी स्पेनची नाहीतर कोलंबियाची कुणी बघा. आम्ही पाराग्वायवाले नीट बोलत नाही.’ मला वाटलं, विनय असेल. पुढे तीन वर्षं दर शनिवारी त्या पडद्यावर आल्या आणि इतकं इस्त्री केलेलं स्पॅनिश बोलल्या, की ‘नीट बोलत नाही’ म्हणजे काय याचा मला पत्ताच लागला नाही.

तो विमानतळावर लागला. गाडी आणायला गेलेल्या भाच्याला त्यांनी फोन लावला आणि म्हणाल्या, ‘वेनी ना, मि इहो, आका एस्ता ज्या ला प्रोफेसोरा.’

ये ना, बाळा, बाई आल्यात इथे.

मी बघतच राहिले. एक म्हणजे ‘वेनी’. स्पॅनिशमध्ये लिहिताना ‘व’ लिहायचा आणि म्हणताना ‘ब’ म्हणायचा, यावर मी वर्गात घसा कोरडा करत असते. इथे स्वच्छ दात ओठाला लावून ‘व’. आणि दुसरं म्हणजे ते ‘ना’. हे मराठीतून आलेलं असणं शक्य नाही एवढं मला कळत होतं, पण अर्थ तोच, जागा तीच, सूरसुद्धा तोच. आज्ञेची धार बोथट करणारा, ‘ये’चं ‘ये ना’ करणारा. तो गुआरानी या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला आहे आणि पाराग्वायच्या स्पॅनिशमध्ये क्रियापदाला हक्कानं चिकटून बसलाय. माझ्या चेहऱ्याकडे पाहून प्रोफेंच्या लक्षात आलं असावं. फोन ठेवल्या ठेवल्या त्या म्हणाल्या, ‘माफ करा, घरी आम्ही असं बोलतो. वाईट सवय.’

रात्री जेवायला सोपा पाराग्वाया. नाव ‘सूप’ आणि पदार्थ सुरीनं कापायचा : मक्याचं पीठ, चीज, कांदा, दूध-अंडी घालून भट्टीत भाजलेल्या जाड वड्या. दोन खाल्ल्या आणि झोपले.

दिवस दुसरा : बाजार

सकाळी ऊन आणि उत्तरेचा गरम वारा. ऑगस्ट म्हणजे इथला सरता हिवाळा, पण हा वारा सुटला की माणसं उगाच चिडचिडी होतात, असं भाच्यानं गाडी चालवता चालवता शिव्यांच्या दोन खेपांच्या मध्ये सांगितलं. रस्त्याकडेला लापाचोची झाडं पानं टाकून नुसती गुलाबी झालेली. पाल्मा रस्ता, नायकांचं स्मारक असलेलं पांतेओन, नदीकाठचा लोपेसांचा राजवाडा हे सगळं तासाभरात उरकलं. मला बाजारात जायचं होतं.

मेर्कादो क्वात्रो, म्हणजे चौथ्या नंबरचा बाजार. आपली मंडई आणि जुना बाजार एकावर एक रचून वर पत्रे घातले तर जे होईल ते. तिथे एका कोपऱ्यात जुड्यांचे ढीग लावून पाला विकणाऱ्या बायका बसतात. त्यांना जुजेरा म्हणतात. लाकडी उखळीत (ती आंगुआ) त्या ताजा पाला ठेचतात, आणि तो थंड पाण्याच्या थर्मासमध्ये टाकून येर्बा माते नावाच्या वाळक्या पानांवर ओतत लोक दिवसभर पितात. तो तेरेरे. 2020 साली युनेस्कोनं या रिवाजाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मी पहिला घोट नळीनं ओढला, भांडं परत दिलं आणि शिष्टाचार म्हणून ‘ग्रासियास’ म्हणाले. झालं. पुढच्या तीन फेऱ्या मला वगळून गेल्या. इथे ‘ग्रासियास’ म्हणजे ‘पुरे’.

पण मी सांगत होते ते भाषेचं. आमच्या जुजेराबाई साठीच्या, तोंडात सतत काहीतरी चघळणाऱ्या. प्रोफेंशी गुआरानीत बोलत होत्या. मी कान देऊन ऐकत होते, एक अक्षर कळत नव्हतं, आणि मधूनच ‘सिंको मिल’, ‘दिएस मिल’ असे लख्ख स्पॅनिश आकडे उसळी मारून वर येत. जुन्या गुआरानीत आकडे चारापर्यंतच. पुढचे विद्वानांनी बनवले, शाळेत शिकवले जातात, बाजारात कुणी वापरत नाही. चलनाचं नाव मात्र गुआरानीच. म्हणजे गुआरानी भाषेत गुआरानी मोजायचे तर स्पॅनिश लागतं. (हसू नये. मीही रिक्षावाल्याला ‘एटी’च म्हणते.)

बाई माझ्याकडे वळल्या तेव्हा स्पॅनिशमध्ये शिरल्या आणि लगेच हात जोडल्यासारखं करून म्हणाल्या, ‘माझं कास्तेल्यानो मोडकंतोडकं आहे हं.’ इथे स्पॅनिशला ‘एस्पान्योल’ क्वचितच म्हणतात, ‘कास्तेल्यानो’ म्हणतात. आणि तो ‘ल्य’ ऐकून मी उडालेच. दोन ‘एल’ जोडून लिहिलेलं हे अक्षर माद्रिदमध्ये आता बहुतेकांच्या तोंडी साधं ‘य’ झालंय, ब्वेनोस आयरेसमध्ये ‘श’ झालंय. जुन्या व्याकरणात सांगितलेला शुद्ध ‘ल्य’ मी आजवर फक्त रेकॉर्डिंगमध्ये ऐकला होता. तो इथे, ठेचलेल्या पुदिन्याच्या वासात, ‘माझं मोडकं आहे’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी.

परतताना मी हे प्रोफेंना सांगितलं. त्यांनी मला दोनदा विचारलं. ‘स्पेनमध्ये पिओ असं म्हणत नाहीत?’ ‘पिओ’ हा आणखी एक गुआरानी तुकडा, प्रश्नात नवल मिसळायला. त्यांचा विश्वास बसला नाही. उलट मी त्यांची समजूत घालतेय असं त्यांना वाटलं.

दिवस तिसरा : 25 ऑगस्ट

मुद्दाम हाच आठवडा धरला होता. 25 ऑगस्ट हा इथे गुआरानी भाषेचा दिवस, कारण 1967 साली याच तारखेच्या राज्यघटनेनं गुआरानीला राष्ट्रीय भाषा म्हटलं. राष्ट्रीय, पण अधिकृत नव्हे. अधिकृत एकटी स्पॅनिश. दोन्ही भाषा अधिकृत व्हायला 1992 ची घटना यावी लागली.

एरवी मूळ रहिवाशांची भाषा मूळ रहिवाशांपुरती उरते. इथे स्वतःला मूळ रहिवासी म्हणवणारे लोक शंभरात दोन-तीन, आणि गुआरानी मात्र देशातल्या बहुसंख्यांना येते. 1537 मध्ये आसुन्सिओन वसलं तेव्हा आलेले स्पॅनिश पुरुष मोजके होते. त्यांची घरं गुआरानी बायकांनी चालवली आणि मुलं आईच्या भाषेत वाढली. पुढे 1864 ते 1870 च्या युद्धात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वाय मिळून विरुद्ध उभे राहिले, देशातले पुरुष मोठ्या संख्येनं मेले, आणि उरलेल्या घरांतून पुन्हा बायकाच बोलत राहिल्या. 1932 ते 35 मध्ये बोलिव्हियाशी चाकोचं युद्ध झालं, तेव्हा शत्रूला कळू नये म्हणून रणांगणावरचे निरोप गुआरानीत जात. लढायला चाललेली ही भाषा शाळेच्या फाटकाशी मात्र अडवली जायची.

प्रोफेंच्या जुन्या शाळेत कार्यक्रम होता. पताका, कागदी फुलं, भिंतीवर गुआरानीची 33 अक्षरं. त्यांत एक अक्षर म्हणजे नुसता घशातला अडथळा, चिन्हानं दाखवलेला. मुलांनी आठवड्याच्या वारांची नावं म्हटली, सगळी नव्यानं घडवलेली. माझ्या पुढच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. नात व्यासपीठावर खड्या आवाजात म्हणत होती आणि आजी शेजारणीला कुजबुजून विचारत होत्या. मी प्रोफेंना कोपरानं ढोसलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरून सांगितलं, ‘ती विचारतेय, पोर काय बोलतेय? हिला गुआरानीशिवाय दुसरं फारसं येत नाही आणि हिलाच ते कळत नाहीय. घरी आम्ही सोमवारला लुनेसच म्हणतो.’

कार्यक्रमानंतर एक तरुण शिक्षक भेटले, फार तळमळीचे. त्यांचं म्हणणं, लोकांनी एकतर धड गुआरानी बोलावं नाहीतर धड स्पॅनिश; हे मधलं जे आहे त्यानं दोन्हींची वाट लागते. मधल्याला इथे जोपारा म्हणतात. जोपारा म्हणजे मिसळ. शब्दशः मिसळ, कारण जोपारा हा पदार्थही आहे : घेवडा, मका, घरात असेल ते घालून शिजवलेला, 1 ऑक्टोबरला घरोघरी करतात. म्हणजे पदार्थ म्हणून मिसळीला सणाचा मान, बोली म्हणून मिसळीला छडी. मी शिक्षकांना म्हटलं, मी मिसळीच्या गावाहून आलेय. त्यांना काही कळलं नाही आणि मला समजावून सांगता आलं नाही.

छडीवरून आठवलं. संध्याकाळी अंगणात शेकोटीवर मांस भाजायचं चाललं होतं. भाचा स्वतःच्या पिशवीतून जाड्या मिठाचा पुडा काढून मांसाला चोळत होता, आणि चोळून झाल्यावर उरलेला पुडा परत पिशवीत ठेवला. मी म्हटलं, ‘राहू दे की इथेच.’ तो म्हणाला, ‘तिया घरात जाडं मीठ ठेवत नाही.’ तिया म्हणजे प्रोफे.

प्रोफे सहा-सात वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. श्ट्रॉसनेरची हुकूमशाही, गावची शाळा. घरी नुसती गुआरानी. वर्गात त्यांनी पाणी मागितलं. गुआरानीत पाणी म्हणजे एकच स्वर, ‘इ’ आणि ‘उ’च्या मधला, जीभ मागे ओढून काढायचा. इग्वासू म्हणजे मोठं पाणी, त्यातला तो पहिला स्वर. तेवढा एक स्वर तोंडातून निघाला आणि बाईंनी कोपऱ्यात जाडं मीठ पसरून त्यावर गुडघे टेकायला लावले. स्कर्ट वर धरून. घंटा होईपर्यंत.

मी विचारलं, ‘मग तुम्ही स्वतः शिक्षिका झाल्यावर?’

त्या बराच वेळ सळईनं निखारे हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मी कधी मीठ वापरलं नाही. लाल पेन वापरलं. निबंधात “ना” आला, “पा” आला, गुआरानीचा कुठलाही तुकडा आला, की खाली रेघ. पंचवीस वर्षं रेघा मारल्या. 1994 ला सरकारनं दोन भाषांची शाळा सुरू केली तेव्हा पालकच भांडायला आले, की आमच्या पोरांना गुआरानी घरी येते, तुम्ही कास्तेल्यानो शिकवा. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.’

दिवस चौथा

आरेग्वाला जाऊन आलो. मातीची भांडी, स्ट्रॉबेरी, इपाकाराई तळं. पाऊस. विशेष काही नाही.

दिवस पाचवा : बस

आसुन्सिओन ते एन्कार्नासिओन, पावणेचारशे किलोमीटरच्या आत, सहा तास. एकटीच निघाले. वातानुकूलन माझ्या डोक्यावर थेंबथेंब गळत होतं. कोरोनेल बोगादो हे गाव चिपाचं. तिथे डोक्यावर टोपली तोलत चिपेरा बसमध्ये चढली. चिपा म्हणजे कसाव्याचं पीठ आणि चीजची गरम कडी. तिची हाळी : ‘चिपा, काल्येंते चिपा!’ पुन्हा तो ‘ल्य’. दोन घेतल्या, बडीशेपेचा वास, वर कोसिदो, म्हणजे साखरेबरोबर जाळलेल्या येर्बाचा काढा. पावसाळी घाटात एसटी थांबल्यावर जे सुख मिळतं, त्याच जातीचं.

चिपा खाऊन हात पुसताना लक्षात आलं, चष्म्याचं घर नाही. सीटखाली वाकून शोधू लागले. शेजारच्या विशीतल्या मुलीनं विचारलं, काय झालं? मी पुस्तकी उत्तर दिलं, ‘से मे पेर्दिओ’. ती म्हणाली, ‘आय! से पेर्दिओ दे वोस पिओ?’

शब्दशः : तुझ्यापासून हरवलं होय?

हे स्पेनच्या परीक्षकाला दिलं तर तो कागद फाडेल. गुआरानीत वस्तू हरवते ती माणसापासून, कुत्रा मरतो तो माणसापासून. तीच बांधणी स्पॅनिश शब्दांत उतरली आहे. आणि मी मात्र वाकलेल्या अवस्थेत विचार करत होते, ‘माझ्याकडून हरवलं’ असंच तर आपण म्हणतो. वस्तू एक स्वतंत्र गोष्ट, ती आपल्याकडून निघून गेली, दोष थोडा आपला, थोडा तिचा. पुस्तकी स्पॅनिशमध्ये त्यातलं ‘कडून’ दिसत नाही.

घर सापडलं, तिच्याच पायाशी. तिथून गप्पा जमल्या. ती एन्कार्नासिओनला नर्सिंग शिकते. मी भारतातली आणि तरी स्पॅनिश बोलतेय हे कळल्यावर म्हणाली, ‘आबिया सिदो आब्लास कास्तेल्यानो!’ ‘आबिया सिदो’चं पुस्तकी भाषांतर ‘झालेलं होतं’. इथे ते आश्चर्याला वापरतात : अय्या, तुला येतं होय! मी वहीत लिहून घेतलं. ती संकोचली. ‘ते लिहू नका, तुमच्या मुलांना चुकीचं शिकवाल. आम्ही ना धड कास्तेल्यानो बोलत, ना धड गुआरानी.’

हे वाक्य मी या देशात तोपर्यंत चार जणांकडून ऐकलं होतं. पाठ केल्यासारखं, शब्दही तेच. एका भाषेत विनोद करतात, दुसरीत व्याज मोजतात, दोन्ही मिसळून प्रेमात पडतात, आणि विचारलं की म्हणतात, आम्हाला एकही येत नाही. गुआरानीबद्दल विचारा, डोळे चमकतात : गोड आहे, मनातली आहे, शिव्या हिच्यातच शोभतात. अर्जेंटिनाच्या स्पॅनिशबद्दल विचारा : छान बोलतात ते. स्वतःच्या स्पॅनिशवर आलं की मान खाली.

दिवस सहावा : त्रिनिदाद

एन्कार्नासिओनपासून तीसेक किलोमीटरवर जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या संघटनेच्या मिशनचे अवशेष. 1706 साली वसवलेलं गाव, 1767 मध्ये स्पेनच्या राजानं जेझुइटांना हाकललं, आणि मग झाडोरा वाढला. 1993 पासून युनेस्कोच्या यादीत. लाल दगड, उघडं आकाश, गवतात गाई. चर्चच्या भिंतीवर उंच पट्टीत कोरलेले देवदूत वाद्यं वाजवतायत. एकाच्या हातात हार्प आहे. तेच आज या देशाचं वाद्य.

तिथल्या सावलीत बसून मला राशोल आठवलं. गुआरानीचं व्याकरण आणि कोश लिहिणारा जेझुइट आंतोनियो रुईस दे मोंतोया. त्याचं व्याकरण 1640 मध्ये माद्रिदला छापलं. त्याच 1640 मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं फादर थॉमस स्टीफन्सचं कोंकणी व्याकरण, लेखकाच्या मृत्यूनंतर. एकच संघटना, एकच वर्ष, पृथ्वीच्या दोन टोकांना दोन भाषा ओळीत बसवल्या जात होत्या. आणि हाच स्टीफन्स 1616 च्या ख्रिस्तपुराणात आपल्याला सांगून गेला, ‘भासांमाजी चोखळा भासा मराठी’. इंग्लंडहून आलेला, साष्टीत राहिलेला माणूस. त्याच्या मराठीत कोंकणी शब्द जागोजाग आहेत. ती मिसळच होती, आणि तरी चोखळा म्हणायला त्याची जीभ अडखळली नाही. आपण ही ओळ शाळेत तोंडपाठ केली, खाली प्रश्न होता ‘मराठीचे श्रेष्ठत्व स्पष्ट करा’, चार गुण. कुणाची मराठी, हा प्रश्न नव्हता.

पहारेकऱ्यानं हटकलं, पाचला बंद. शेवटच्या बसनं परत.

दिवस सातवा : नदीकाठ

एन्कार्नासिओनचा जुना खालचा भाग यासिरेता धरणाच्या पाण्याखाली गेला. आता तिथे लांबलचक नवा किनारा, वाळू, आणि पलीकडे पाराना नदीपार अर्जेंटिनाचं पोसादास, इतकं जवळ की इमारतींचे मजले मोजता येतात. मधे पूल. पुलावरून दिवसभर माणसं, टायर, कपडे, कांदे इकडून तिकडे.

जिथे उतरले होते त्या घराच्या मालकीणबाई पन्नाशीच्या. चौदा वर्षं ब्वेनोस आयरेसमध्ये घरकाम आणि मुलं सांभाळायचं काम करून परतलेल्या. तिथे पाराग्वायच्या बायका या कामात खूप. मी तेरेरे घेता घेता विचारलं, ‘तिथे तुम्ही कसं बोलायचात?’ (‘ग्रासियास’ म्हणाले नाही, शहाणी झाले होते.)

त्यांनी खुर्चीत पाठ ताठ केली आणि बदलल्या. ‘ज्यो’ म्हणायच्या तिथे ‘शो’, ‘काल्ये’च्या जागी ‘काशे’, शेवट ओढलेला, हाताची बोटं जुळवून हलवलेली. स्वयंपाकघरातून त्यांची लेक ओरडली, ‘मामा, बास्ता!’ आणि आम्ही तिघी हसलो. ‘पहिल्या महिन्यातच शिकले,’ त्या म्हणाल्या. ‘बसमध्ये तोंड उघडलं की लोक वळून बघायचे. पाराग्वा, म्हणायचे. मग मी दुकानात बोटानं दाखवायला लागले, हे द्या, ते द्या. घरी आरशासमोर “शो, शो” म्हणायची.’

मग मला गोष्ट सांगितली. ज्या घरात कामाला होत्या तिथला मुलगा जन्मल्यापासून त्यांच्या अंगावर वाढलेला. दोन वर्षांचा असताना एकदा आजी आली आणि पोरानं हात पसरून म्हटलं, ‘वेनी ना!’ आजीला वाटलं, बोबडं बोलतोय. त्याच्या आईच्या मात्र बरोबर लक्षात आलं. ती ओरडली नाही, चांगली बाई होती. संध्याकाळी एकटीला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, पोराशी जरा नीट बोलत जा. ‘मी म्हटलं, सी, सेन्योरा. मला तर ठाऊकच नव्हतं मी त्याच्याशी असं बोलत होते ते. बाकी सगळीकडे मी शब्द गिळायला शिकले होते. त्याला झोपवताना निसटायचे.’

मी पाण्याकडे बघत बसले. अमरावतीहून पुण्याला होस्टेलवर आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात खाली रिक्षा थांबवून मी वर हाक मारली होती, ‘थांब वं, मी येऊन राहिली!’ तीन मजल्यांच्या खिडक्या हसल्या. चांगल्या मुली होत्या सगळ्या, पुढे जिवाच्या मैत्रिणी झाल्या. ‘येऊन राहिली’ हे हिंदीच्या ‘आ रही हूँ’चं सख्खं भावंड, दोन भाषांच्या शेजारातून जन्मलेलं, पण तेव्हा मला एवढंच कळलं, की माझं चुकतं. मी वाक्यं दुरुस्त केली, इतकी, की आता आईशी फोनवर बोलताना आधी दोन मिनिटं ती म्हणते, ‘काऊन वं, साहेबावानी बोलून राहिली?’

मालकीणबाईंना हे सांगितलं. तोडकंमोडकं भाषांतर करून. त्यांनी एकच विचारलं : ‘तुम्ही शिकवता ना? मग तुम्ही काय करता मुलं चुकली की?’

मी म्हटलं, लाल पेन.

संध्याकाळी किनाऱ्यावर फिरले. एका मोबाईल कंपनीचा भलामोठा फलक, त्यावर ठसठशीत अक्षरांत जोपारा, ‘ना’ सुद्धा. तरुण, गोरे, हसरे चेहरे. तिथे तो झकास दिसतो. जुजेराबाईंच्या तोंडी तोच गावठी ठरतो. त्याला इथे कोयग्वा म्हणतात. फलकाखाली तेरेरेचे थर्मास घेऊन बसलेल्या पोरांचा फोटो काढायचा राहिला.

दिवस आठवा

रात्रीच्या बसनं आसुन्सिओनला पोचले, मान आखडलेली. प्रोफेंनी बांधून दिलं : चिपा, येर्बाचा अर्धा किलोचा पुडा, इताउग्वाचा न्यांदुती रुमाल. न्यांदुती म्हणजे कोळ्याचं जाळं, तशीच वीण. माझ्या वर्गासाठी त्यांनी एक कागदही दिला : पाराग्वायमध्ये बोलतात ते शब्द, समोर ‘बरोबर’ स्पॅनिश शब्द. हस्ताक्षर शाळेतल्या फळ्यासारखं. डावीकडच्या रकान्याचं शीर्षक ‘चूक’ होतं, ते खोडून ‘आमच्याकडे’ केलं होतं. खोडलेलं वाचता येत होतं.

विमानतळावर मिठी, भाच्याची घाई. रांगेत उभी असताना फोन वाजला. प्रोफेंचा संदेश : ‘एस्क्रिबिमे ना क्वांदो ल्येगेस.’ पोचलीस की लिही ना. मी उत्तर लिहायला लागले तेवढ्यात तो नाहीसा झाला. त्या जागी राखाडी ओळ, संदेश काढून टाकला आहे. मग दुसरा आला : ‘एस्क्रिबेमे क्वांदो ल्येगेस, पोर फावोर.’ स्पेनचं रूप. त्यांच्या गल्लीत असं कुणी बोलत नाही. पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी.

मी लिहिलं, ‘पोर के पिओ बोर्रो?’ का हो काढलात?

दोन निळ्या खुणा. टाइप करतायत, थांबल्या, परत टाइप करतायत. माझी बॅग पट्ट्यावर गेली, बूट काढायला सांगितले, मी एका हातात फोन आणि एका हातात बूट घेऊन उभी.

‘पोर्के वोस सोस प्रोफेसोरा.’

कारण तू मास्तरीण आहेस.